वराहपालनात प्रतिजैविकांचा जपून वापर करा

वराहपालन हा कमी जागेत आणि कमी काळात उत्पन्न देणारा जोडधंदा आहे. मादी वर्षातून दोनदा विते आणि एका वेतात साधारणपणे आठ ते दहा पिल्ले देते. परंतु या धंद्यातील नफा-तोटा पिल्लांच्या मरतुकीवर ठरतो. त्यामुळे पिल्लांना हगवण लागली की दुकानातून औषधाची पुडी आणायची आणि ती सगळ्यांच्या खाद्यात कालवायची, अशी सवय पुष्कळ ठिकाणी पडली आहे. काही पशुपालक तर वजन लवकर वाढावे म्हणून निरोगी जनावरांनाही प्रतिजैविके देतात. ही सवय अंगलट कशी येते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जिवाणू औषधाला दाद का देत नाहीत?

कपाशीवरील बोंडअळीचा अनुभव आपल्याला आहेच. एकच कीटकनाशक वारंवार फवारले की अळी त्याला दाद देत नाही. फवारणीतून वाचलेल्या कणखर अळ्यांचीच पुढे संतती वाढते. जिवाणूंचेही तसेच आहे. डुकराच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. खाद्यातून रोज थोडे थोडे औषध गेले की दुबळे जिवाणू मरतात, कणखर जिवाणू उरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत तेच वाढतात.

जिवाणू याही पुढे एक पाऊल टाकतात. औषधाला तोंड देण्याचा गुण ज्या जनुकात असतो, ते जनुक अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या लहान कड्यावर असते. हे कडे एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. दुसरा जिवाणू वेगळ्या जातीचा असला तरी चालतो. म्हणजे आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूकडून हा गुण रोगकारक जिवाणूकडे जाऊ शकतो.

चीनमधील अनुभव

कोलिस्टिन हे १९५० च्या दशकात वापरात आलेले औषध आहे. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून माणसांच्या उपचारात ते मागे पडले. मात्र स्वस्त असल्यामुळे डुकरे व कोंबड्यांच्या खाद्यात ते सर्रास जाऊ लागले. पुढे इतर औषधे निकामी ठरू लागली, तेव्हा अत्यवस्थ रुग्णांसाठी शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरांना पुन्हा कोलिस्टिनकडेच वळावे लागले.

२०१३ साली शांघाय येथील एका फार्मवरील डुकरात कोलिस्टिनला दाद न देणारा ई. कोलाय जिवाणू सापडला. हा गुण प्लाझ्मिडवरील एका जनुकामुळे आल्याचे शास्त्रज्ञांनी २०१५ साली जाहीर केले. त्या जनुकाला एमसीआर-१ असे नाव देण्यात आले. २०११ ते २०१४ या काळात गोळा केलेल्या नमुन्यांपैकी कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांत ७८, जनावरांच्या ८०४ नमुन्यांत १६६ आणि रुग्णालयातील १,३२२ रुग्णांच्या नमुन्यांत १६ ठिकाणी हे जनुक असलेले जिवाणू आढळले. जनावरांत प्रमाण जास्त आणि माणसांत कमी, यावरून हा गुण जनावरांकडून माणसांकडे जात असावा असे अनुमान निघाले.

चीनने २०१७ साली वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले. डुकरांतील कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते. ते २०१७-१८ मध्ये ५ टक्क्यांवर आले. औषधाचा मारा थांबला तर परिस्थिती सुधारू शकते, हा यातील महत्त्वाचा धडा आहे. भारतातही जुलै २०१९ मध्ये केंद्र शासनाने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत व त्यांच्या खाद्यात वापरण्यासाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली.

धोका आधी पशुपालकाच्या घरात

हे जिवाणू मांसातून शहरात जातात, तसे विष्ठा, धूळ आणि हातांवाटे पशुपालकाच्या स्वतःच्या घरातही येतात. नेदरलँड्समध्ये एका वराहपालकाच्या लहान मुलीची शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी केली असता तिच्या शरीरावर अनेक औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू आढळला. तिला त्याचा काही त्रास होत नव्हता. त्यानंतर त्या भागातील २६ वराहपालकांची तपासणी झाली, तेव्हा ६ जणांत तसाच जिवाणू सापडला. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. असा जिवाणू निरोगी माणसाच्या नाकात गुपचूप राहतो. जखम किंवा शस्त्रक्रिया झाली की मात्र तो घातक ठरू शकतो.

नुसते औषध बंद करून भागत नाही

डेन्मार्कने २००० सालापर्यंत वाढीसाठी दिली जाणारी सर्व प्रतिजैविके डुकरांच्या खाद्यातून काढून टाकली. मोठ्या डुकरांत फारशी अडचण आली नाही. परंतु आईपासून नुकत्याच तोडलेल्या पिल्लांत हगवणीचे प्रमाण वाढले. म्हणून औषधाची जागा संगोपनाने भरून काढावी लागते, आणि खरी काळजी दूध तोडण्याच्या काळातच घ्यावी लागते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. जन्मल्यानंतर लगेच प्रत्येक पिल्लाला चीक पाजावा. दुबळी पिल्ले हाताने सडाला लावावीत.

२. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी ३० ते ३२ अंश सेल्सिअस ऊब ठेवावी. जमीन कोरडी असावी. ओल आणि गारठा ही हगवणीची मुख्य कारणे आहेत.

३. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचे इंजेक्शन द्यावे.

४. दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना थोडे थोडे कोरडे खाद्य चाखवावे. दूध घाईने तोडू नये. नवीन खाद्यावर पाच ते सात दिवसांत हळूहळू आणावे.

५. हॉटेलातील खरकटे किमान अर्धा तास उकळून, थंड करूनच द्यावे.

६. एका वयाची पिल्ले एकत्र ठेवावीत. ती हलविल्यावर कप्पा धुऊन, जंतुनाशक मारून, वाळू द्यावा आणि मगच नवीन पिल्ले आणावीत.

७. विष्ठा खड्ड्यात नीट कुजवूनच शेतात टाकावी. दिलेल्या औषधाचा काही भाग विष्ठेवाटे बाहेर पडतो.

औषध द्यावेच लागले तर

आजारी जनावराला औषध नाकारू नये. मात्र ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनानुसार ठरविलेल्या मात्रेत आणि सांगितलेले सर्व दिवस द्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नये आणि उरलेली पुडी पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. एकच आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध लागू पडते याची चाचणी करून घ्यावी.

स्वाइन फिव्हर आणि २०२० पासून भारतात आढळलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर हे विषाणूजन्य रोग आहेत. त्यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. स्वाइन फिव्हरची लस वेळेवर टोचून घ्यावी. आफ्रिकन स्वाइन फिव्हर टाळण्यासाठी बाहेरची माणसे, वाहने व नवीन जनावरे यांवर निर्बंध ठेवावेत.

औषध दिल्याची तारीख, नाव, मात्रा आणि जनावराचा क्रमांक वहीत लिहावा. लेबलवर दिलेला काळ उलटल्याशिवाय जनावर कत्तलीसाठी विकू नये. लेबलवर काळ दिलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे, असा नियम आहे. जनावरे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि कामाचे कपडे व चपला घरात आणू नयेत.

निरोगी डुकरांवर रोज खर्च होणारे औषध खऱ्या आजाराच्या दिवशी निकामी ठरते, मग आजारी पडलेले पिल्लू असो की घरातले मूल. पशुपालकांनी खाद्यातील पुडीचे पैसे कोरड्या जमिनीवर, उबेवर आणि लसीवर खर्च केल्यास मरतूक कमी होईल आणि गरजेच्या वेळी औषधही कामी येईल.