विजेची एस.टी. आणि मुक्कामी गाडी

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’. समजा, बीड आगारातील दहा गाड्या विजेवर न्यायच्या आहेत. खरा प्रश्न तारांचा! प्रत्येक गाडीला दिवसाला ३०० युनिट धरा, दहांना ३,०००. बॅटऱ्या दोन तासांत भरायच्या तर १,५०० किलोवॉट शक्ती हवी. रात्रीच्या दहा तासांत ३०० पुरते. ऊर्जा मात्र तेवढीच!

पण मुक्कामी गाडी रात्र काढते खेड्यात, आगारात नव्हे. सकाळी तुम्हाला शाळेत आणणाऱ्या त्या गाडीची बॅटरी कधी भरायची? तिच्या फेऱ्यांचे किलोमीटर मोजा, किलोमीटरला १.२ युनिट धरा, आणि दुपारचे दोन तास पुरतात का ते काढा.