वाघ दिसला नाही, तर गाईड काय करतो?

३० जूनची दुपारची सफारी आटोपून जिप्सी बाहेर पडल्या की ताडोबाच्या गाभा क्षेत्राची गेटं तीन महिन्यांसाठी बंद होतात. पर्यटक केव्हाच घरी पोचलेले असतात, रिसॉर्टवाले डागडुजी काढतात. आणि गेले नऊ महिने पहाटेच्या अंधारात गेटवर नंबर लावून, ड्रायव्हरशेजारी बसून ‘थांबा, चितळाचा कॉल येतोय’ म्हणणारा गाईड? तो बहुधा पुढच्याच आठवड्यात गुडघाभर चिखलात, धानाच्या बांधीत रोवणीला उतरलेला असतो. गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातली काही गेटं पावसाळ्यातही उघडी राहतात, त्यामुळे कुणाकुणाला अधूनमधून फेरी मिळते. पण तेवढ्यावर घर चालत नाही. गणवेश पुन्हा अंगावर चढतो तो १ ऑक्टोबरला.

निसर्ग उलगडून सांगण्याचं काम जगात जवळपास सगळीकडे असंच हंगामी असतं. जंगलातले रस्ते पावसात राहत नाहीत, फुलं काही आठवडेच फुलतात, कासवं ठरावीक महिन्यांतच किनाऱ्याला लागतात आणि माणसांना सुट्टी लागली की मगच जंगल आठवतं. हंगामी असण्यात गैर काही नाही. पण जे हंगामी ते दुय्यम, असा जो समज या कामाच्या मोबदल्यात आणि आपल्या वागण्यातही दिसतो, तो मला पटत नाही. वनरक्षकाला तुमच्याशी गप्पा मारायला सवड नसते, वरचा अधिकारी तुम्हाला भेटत नाही. सलग तीन-चार तास तुमच्याबरोबर असतो तो फक्त गाईड. संपूर्ण अभयारण्याच्या वतीने तुमच्याशी बोलणारा तो एकटाच माणूस.

या पेशाची सुरुवातच मुळात उन्हाळी सुट्टीत झाली. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टाहो सरोवराजवळ, फॉलन लीफ लेक या सुट्टीच्या ठिकाणी, लॉय मिलर नावाचे प्राध्यापक संध्याकाळी पक्ष्यांवर बोलत आणि बोलता बोलता त्यांचे आवाज काढून दाखवत. ऐकायला ही गर्दी! योगायोगाने स्टीफन मॅथर तिथे आले होते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी राष्ट्रीय उद्यान सेवेचे ते पहिले संचालक. आपल्याला उद्यानांत नेमकं हेच हवं आहे, हे त्यांनी हेरलं आणि मिलर व त्यांचे सहकारी हॅरोल्ड ब्रायंट यांना १९२० च्या उन्हाळ्यात योसेमिटीला आणलं. मिलर एरवी कॉलेजात शिकवत, ब्रायंट राज्याच्या मत्स्य आणि शिकार खात्यात होते. म्हणजे अमेरिकी उद्यानांतल्या संघटित निसर्ग-मार्गदर्शनाची पायाभरणी ज्यांनी केली, ते दोघंही हंगामी. त्याच्याही आधी कोलोरॅडोत ईनॉस मिल्स लाँग्ज पीकच्या पायथ्याशी असे मार्गदर्शक घडवत होते. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या दोघी बहिणींना १९१७ मध्ये मार्गदर्शकाचा परवाना मिळाला.

आजही तिकडे उन्हाळा आला की हंगामी रेंजरांची मोठी फौज उभी राहते. सपाट काठाची हॅट, संध्याकाळी शेकोटीभोवतीचं व्याख्यान, मुलांना शपथ देऊन लावलेला छोट्या रेंजरचा बिल्ला, आणि दिवसभरात शंभर वेळा विचारला जाणारा ‘स्वच्छतागृह कुठे आहे?’ हा प्रश्न. नेमणूक वर्षाला १,०३९ तासांच्या आत बसवलेली, म्हणजे सहा महिन्यांनाही थोडी कमी. निवृत्तिवेतन नाही. म्हणून पुष्कळ जण उन्हाळ्यात यलोस्टोन किंवा अलास्का आणि हिवाळ्यात फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स, असे ऋतूंच्या मागे फिरत राहतात. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने नोकरभरती गोठवली, तेव्हा हातात पडलेली हंगामी नेमणुकीची पत्रंही मागे घेतली गेली. पुढे बंदी शिथिल झाली, पण ज्यांनी भाड्याची घरं सोडून सामान बांधलं होतं त्यांचं व्हायचं ते झालं. एडवर्ड ॲबी हा लेखक अशाच नोकरीतून घडला. १९५६ आणि १९५७ मध्ये युटातल्या आर्चेस इथे तो हंगामी रेंजर होता आणि त्या वाळवंटातल्या मुक्कामावर त्याने ‘डेझर्ट सॉलिटेअर’ लिहिलं. ते आलं १९६८ साली.

या कामाचं शास्त्र मांडलं ते मात्र निसर्गतज्ज्ञाने नव्हे, तर फ्रीमन टिल्डन या पत्रकार-नाटककाराने. १९५७ च्या ‘इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज’ या छोटेखानी पुस्तकात त्याने सहा सूत्रं दिली. त्यांचा गाभा असा, की नुसती माहिती देणं म्हणजे उलगडून सांगणं नव्हे. समोरच्याच्या आयुष्याशी त्या गोष्टीचा धागा जुळला पाहिजे. शिकवणं हा हेतू नाही, कुतूहल चेतवणं हा आहे. आणि मुलांसाठी मोठ्यांचंच भाषण पातळ करून चालत नाही, त्यांच्यासाठी सगळी मांडणीच वेगळी हवी. शाळेतल्या सहलींबरोबर येणाऱ्या गुरुजनांनी हे शेवटचं सूत्र भिंतीवर लावायला हरकत नाही!

आता हीच कसोटी ताडोबाला लावून पाहू. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवती त्याहून मोठं बफर. गाईड आजूबाजूच्या गावांतले, आता त्यांत स्त्रियाही आहेत. त्यांना महिन्याचा पगार नसतो, फेरीमागे ठरलेलं शुल्क मिळतं. नंबर येईल त्या क्रमाने गाडी मिळते. वरकड मिळाली तर ती बक्षिशी, आणि ती कशावर ठरते हे गेटवर उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं. वाघ दिसला तर पाकीट उघडतं. नाही दिसला तर ‘तुमच्या जंगलात काही नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं.

या व्यवस्थेत गाईडने ऐनाच्या झाडाजवळ गाडी थांबवून त्याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल का दाखवावी? उन्हाळ्यात पांढरंफटक दिसणारं कांडोळ, ज्याला भुताचं झाड म्हणतात, त्याविषयी का बोलावं? मागे बसलेल्यांना त्या वेळी शेजारच्या जिप्सीतले लोक कुठे कॅमेरे रोखून आहेत एवढंच पाहायचं असतं. ड्रायव्हरच्या वायरलेसवर नाही तर डोळ्यांच्या खुणेवर सगळी जिप्सी-वरात एका वळणावर गोळा होते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरलं, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. गाईड आणि चालकांचं निलंबन झालं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण ‘अजून थोडं पुढे घ्या’ म्हणणारे मागच्या सीटवर होते, आणि त्यांच्या बक्षिशीवर ज्यांचा महिना चालतो ते पुढच्या. दोष दोन्ही सीटवर वाटून द्यावा लागेल.

गंमत म्हणजे, ज्या माणसाला आपण फक्त वाघ शोधायला सांगतो, त्याच्याकडे त्याहून कितीतरी मोठा ऐवज असतो. हंगामाचा कळस एप्रिल-मे महिन्यांत, पाणवठे आटून वाघ हमखास दिसण्याचे ते दिवस. नेमक्या त्याच सुमाराला गावात मोहफुलं वेचायची असतात आणि पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. गाईड गाडीत असतो तेव्हा त्याची आई किंवा वहिनी पहाटेच टोपली घेऊन मोहाखाली वाकलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात जे जीव गेले, त्यांतले कितीतरी असे मोहफुलं किंवा पानं गोळा करताना, सरपणाला किंवा गुरांमागे गेलेले असताना गेले. म्हणजे ज्या वाघामुळे घरात पैसा येतो, त्याच वाघाच्या धास्तीने घरची बाई एकटी रानात जात नाही. हे दुहेरी नातं समजावून सांगायला या गाईडपेक्षा अधिक लायक कोण? वाघ वाचवा म्हणणारी शंभर पोस्टर एका बाजूला आणि हे त्याच्या तोंडून ऐकणं एका बाजूला. पण त्याला कुणी विचारलं तर ना. तलावाकाठच्या तारूच्या ठाण्याची गोष्टही तशीच राहून जाते. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा. ताडोबा हे नाव त्याचंच. पर्यटकाला तोंडपाठ असतात ती माया आणि मटकासुर ही वाघांची नावं.

वाघाच्या सावलीतून सुटलेलं हेच काम कसं दिसतं, ते पाहायला साताऱ्याजवळच्या कासला जावं. फूल पळून जात नाही, त्यामुळे गाईडवर ‘दाखवलंच पाहिजे’ हा दबाव नाही. त्याला बोलावंच लागतं. सुमारे १,२०० मीटर उंचीवरचं हे जांभ्याचं पठार, ८५० हून अधिक सपुष्प वनस्पती, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत. फुलांचा खरा बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तोही पावसाच्या मर्जीने. या दिवसांत भोवतालच्या कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या तिकिटांपासून पार्किंगपर्यंत सगळं पाहतात आणि गावातलीच मुलं-मुली गाईड होतात. रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा आहे.

इथला चांगला गाईड तुम्हाला जांभळ्या फुलांच्या गालिच्यासमोर उभं करून आधी ‘ही सीतेची आसवं’ असं सांगतो. लोक मोबाइल काढतात. मग तो म्हणतो, आता जरा खाली बसा. जांभ्यावर माती बोटभर, पावसाने धुतलेली, नत्राचा दुष्काळ. अशा जमिनीत ही नाजूक वनस्पती जगते कशी? तर ती शिकार करते. ओल्या मातीत लपलेल्या तिच्या बारीक पिशव्या दार उघडून एका मिलिसेकंदाच्या आत सूक्ष्म जीव ओढून घेतात. सीतेचे अश्रू मांसाहारी आहेत! हे ऐकल्यावर आजीबाईसुद्धा गुडघ्यांची तक्रार विसरून खाली वाकतात. टिल्डनला जे म्हणायचं होतं ते हेच. गोष्ट लोकांच्या ओळखीची, आणि पुढचं पाऊल अनोळखी. पुढे दवबिंदू, शेजारी पिवळी सोनकी, तेरडा, मुलांना हसवणारं ‘मिकी माऊस’ म्हणजे कवला, तळ्यात कुमुदिनी. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या टोपली कारवीसमोर उभं असताना ‘या फुलांच्या मागच्या फेरीला तुम्ही कितवीत होता?’ असं एखाद्या मुलीला विचारणारा गाईड कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पुढे आहे.

शिवाय तो ज्या गोष्टीवर बोलू शकतो ती वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सहज सापडायची नाही. पूर्वी या पठारावर त्याच्या घरची गुरं चरत. चराई थांबली आणि गवत माजून फुलांना जागा उरली नाही, असं गावकरी म्हणत आले. बाहेरची गर्दी आणि गाड्या यांचा त्रास जास्त, असंही दुसरं म्हणणं आहे. वाद अभ्यासकांनी सोडवावा. पण पाहुण्याने तो गाईडच्या तोंडून ऐकला, तर फुलं आपोआप उगवतात आणि आपण फक्त फोटो काढायचे, हा भ्रम तरी जातो.

कोकणात वेळासला वेगळाच हंगाम. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथल्या ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं समुद्रात सोडताना दोरीमागे उभ्या असलेल्या गर्दीला गप्प बसवून, वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरतं, असं सांगणारा कासवमित्र गावातलाच असतो. घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाल्याने कासवाचं अंडं विकण्यापेक्षा जपणं फायद्याचं ठरलं, हे तर कुणालाही पटेल.

या कामाकडे वळू पाहणाऱ्या शहरी मुलांसाठी दोन शब्द. व्याघ्र प्रकल्पांच्या गेटवरची गाईडची जागा स्थानिकांची आहे आणि तशीच राहायला हवी. तुमची वाट बहुतेक वेळा लॉजमधल्या नॅचरलिस्टची. पेंच, कान्हा, ताडोबा परिसरातली मोठी लॉज हंगामापुरती माणसं घेतात; राहणं-जेवण असतं, पगार फार नसतो, आणि पावसाळ्याचे महिने स्वतःचे स्वतः पाहावे लागतात. प्राणिशास्त्राची पदवी असेल तर उत्तम, पण पहाटे चार वाजता उठून, तोच रस्ता, तोच चितळ, आणि तरी आवाजात पहिल्या दिवसाचा उत्साह ठेवता येतो का, हे आधी स्वतःला विचारा. इंग्रजी नावं पाठ करण्याआधी गावातल्या गाईडकडून त्या झाडांची स्थानिक नावं आणि उपयोग शिकून घ्या. ते ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात मिळणार नाही.

वनखात्याने करण्याजोगंही बरंच आहे. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत गाईडना मानधन देऊन प्रशिक्षण, गणना, शाळांमधले कार्यक्रम यांत गुंतवता येईल. फेरीनंतर पर्यटकाकडून ‘वाघ दिसला का?’ याऐवजी ‘गाईडने काय सांगितलं?’ असा अभिप्राय घेता येईल. पण ती वाट पाहण्यापेक्षा एक गोष्ट आपल्या हातात आहे. १ ऑक्टोबरला गेटं उघडली आणि तुमचं बुकिंग लागलं, तर गाडीत बसल्या बसल्या गाईडला सांगा की आम्हाला वाघ दिसलाच पाहिजे असं काही नाही, तुम्हाला आवडतं ते दाखवा. आणि बक्षिशी वाघ न दिसलेल्या फेरीलाही तेवढीच द्या.