कुलूप काढायचं कधी, आणि ठरवायचं कोणी?

साथ आणि समाज : लेखांक ९

३ जून २०२१ रोजी राज्य आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीनंतर तेव्हाचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकारांना सांगितलं, की राज्यातले १८ जिल्हे दुसऱ्या दिवसापासून कोरोनाच्या निर्बंधांतून पूर्ण खुले होणार. यादीत ठाण्याचंही नाव होतं. बातमी वाऱ्यासारखी पसरली. काही तासांतच सरकारचा खुलासा आला : निर्बंध उठवलेले नाहीत, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग मंत्र्यांनी सांगितलं, की मान्यता तत्त्वतः होती. लेखी आदेश निघाला तो ४ जूनच्या रात्री, आणि अंमल सुरू झाला ७ जूनपासून.

त्या गोंधळाची तेव्हा राजकीय चर्चाच जास्त झाली. मंत्र्यांत ताळमेळ नाही, श्रेयासाठी धडपड चाललीय, असं बोललं गेलं. मात्र प्रश्न त्याहून मोठा होता. दीड महिन्यापूर्वी, १८ एप्रिलला, महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले होते. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर तो आकडा दहा हजारांच्या आसपास उतरला होता. लाट ओसरत होती, पण संपली नव्हती. अशा वेळी दुकानाचं शटर, लोकलचं तिकीट आणि देवळाचा दरवाजा कोणत्या क्रमाने उघडायचा, हे कशाच्या आधारावर ठरवणार?

मागच्या लेखात निर्बंध कसे लागले ते पाहिलं. लावताना सरकारकडे एक सोपं उत्तर होतं : रुग्णालयांत जागा नाही. उठवताना तसं एकच उत्तर कुणाकडेच नव्हतं.

पहिल्या लाटेनंतर, २०२० मध्ये, राज्याने ‘मिशन बिगिन अगेन’ या नावाने एकेक गोष्ट खुली करत नेली. प्रत्येक आदेशात नवी यादी असे. यादीत नाव आलं की व्यवसाय सुरू, नाही आलं तर पुढच्या आदेशाची वाट पाहायची. या पद्धतीत प्रत्येक जण शेजाऱ्याशी तुलना करू लागला. ४ मे २०२० रोजी दारूची दुकानं उघडली, रांगा लागल्या आणि मुंबईत ती लगेच पुन्हा बंद करावी लागली. ५ ऑक्टोबरपासून हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. देवळं मात्र बंदच राहिली.

त्याआधीच, ३१ ऑगस्टला, प्रकाश आंबेडकर यांनी वारकऱ्यांसह पंढरपुरात आंदोलन करून विठ्ठल मंदिरात प्रवेश केला होता. १२ ऑक्टोबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून बार उघडे आणि देव बंद, याकडे बोट दाखवलं आणि मुख्यमंत्री अचानक ‘सेक्युलर’ झाले का, असा सवाल केला. दुसऱ्याच दिवशी ठाकरे यांचं उत्तर आलं, की आपल्या हिंदुत्वाला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. वाद तिथून हिंदुत्वावरच फिरत राहिला. देवळाबाहेर हार-फुलं, नारळ, प्रसाद विकून घर चालवणारे, तीर्थक्षेत्रातले लॉजवाले, रिक्षावाले यांचं महिन्यांमागून महिने काय चाललंय, हा प्रश्न त्या पत्रापत्रीत मागे पडला. गाभाऱ्यातल्या बंद हवेत किती माणसं किती वेळ थांबतात, या साध्या आरोग्याच्या मुद्द्याचंही तेच झालं. अखेर १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, दारं उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेपर्यंत तशीच राहिली.

लोकलचा वाद वेगळ्या जातीचा होता. साथीआधी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ ते ८० लाख प्रवास होत. २०२० च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या, १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या, ऑक्टोबरमध्ये महिलांना मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना परवानगी मिळाली ती ठरावीक वेळांत : सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊनंतर. ऑफिसच्या वेळा यात कुठेच बसत नव्हत्या. विरार, बदलापूर, टिटवाळ्याहून येणाऱ्याला बसने किंवा वाटून घेतलेल्या टॅक्सीने येण्यात पगाराचा मोठा भाग घालवावा लागत होता. घरून काम करता येणाऱ्याला हा हिशेब कधी मांडावाच लागला नाही.

फेब्रुवारीच्या मध्यापासून रुग्ण वाढू लागले तेव्हा बोट लोकलकडे गेलं. पण त्या वेळी सर्वात आधी चिंता वाढवली ती अमरावती, अकोला, यवतमाळ या भागाने, जिथे लोकल धावतच नाही. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागली. याचा अर्थ लोकलच्या गर्दीत धोका नव्हता असा नाही. आधी झालं म्हणजे त्याच्यामुळेच झालं, ही घाई तेव्हा झाली, एवढं मात्र यातून दिसतं.

या पार्श्वभूमीवर ४ जून २०२१ चा आदेश खरोखर नवा होता. त्याने याद्या बाजूला ठेवल्या आणि मोजपट्टी पुढे केली. प्रत्येक जिल्हा आणि दहा लाखांहून अधिक वस्तीची महानगरं यांचे पाच स्तर ठरले. पॉझिटिव्हिटी रेट पाच टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांहून कमी भरलेले, तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. रेट वीस टक्क्यांपुढे किंवा बेड ७५ टक्क्यांहून अधिक भरलेले, तर पाचवा, सर्वात कडक. मधल्या तिसऱ्या स्तरात दुकानं दुपारी चारपर्यंत आणि अत्यावश्यक नसलेली शनिवार-रविवारी बंद. आकडे दर गुरुवारी जाहीर व्हायचे, बदल सोमवारपासून लागू व्हायचे.

याचा एक परिणाम मोलाचा होता. ‘आमचं का बंद?’ या तक्रारीला आता आकड्यांत उत्तर मिळू शकत होतं, आणि तक्रार करणाऱ्यालाही आकडा घेऊन उभं राहता येत होतं. गुरुवारची आकडेवारी ही गावोगावच्या दुकानदारांच्या बोलण्यातली बाब झाली.

ही मोजपट्टी निर्दोष होती असं मात्र नाही. पॉझिटिव्हिटी रेट म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले, एवढंच. ताप-खोकला असलेल्यांचीच तपासणी केली तर तो फुगतो. धडधाकट माणसांना रांगेत उभं करून सरसकट स्वॅब घेतले तर तो झरझर उतरतो. अँटिजेन चाचणीतून काही बाधित निसटतात, आरटीपीसीआरमधून कमी निसटतात, त्यामुळे दोन्हींचं प्रमाण बदललं तरी रेट बदलतो. ऑक्सिजन बेडचा आकडा जास्त ठाम, पण तो उशिरा बोलतो : आज लागण झालेला माणूस रुग्णालयात पोचतो तो बहुधा आठवड्याहून अधिक काळाने. शिवाय नवे बेड वाढवले की भरलेल्या बेडांची टक्केवारी आपोआप खाली येते, रुग्ण तेवढेच असले तरी. जिल्हा हे एकक धरल्याने एका टोकाच्या तालुक्यातल्या उद्रेकाचा भार दुसऱ्या टोकाच्या बाजारपेठेवर पडत होता, तो वेगळाच.

हे दोष समजावून सांगून सुधारता आले असते. त्याऐवजी सरकारने आपलीच मोजपट्टी एकेक करून बाजूला ठेवली.

मुंबईचे आकडे जूनच्या मध्यापर्यंत वरच्या सवलतींना पात्र झाले, तरी महापालिकेने शहर तिसऱ्याच स्तरात ठेवलं. दाट वस्ती आणि रोज बाहेरून येणारे लाखो प्रवासी, ही कारणं खरी होती. पण ती ४ जूनलाही खरीच होती, मग सूत्रात का नव्हती? त्यानंतर विषाणूचा डेल्टा प्लस हा प्रकार आला. राज्यात त्याचे २१ रुग्ण आढळल्याचं आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं आणि २५ जूनला आदेश निघाला : कुणालाही तिसऱ्या स्तराच्या वर जाता येणार नाही आणि रेट मोजताना फक्त आरटीपीसीआर धरायची. सावधगिरी म्हणून या निर्णयाचं समर्थन करता येतं. ज्या जिल्ह्यांनी महिनाभर झटून आकडे खाली आणले होते, त्यांना मात्र यातून एवढंच कळलं, की आकडे खाली आणूनही काही हाती लागत नाही. नियम पाळण्यातला लोकांचा हुरूप अशाने ओसरतो, आणि साथीच्या काळात तोच हुरूप सर्वात जास्त लागतो.

पुण्यात याचा कडेलोट झाला. २ ऑगस्टच्या आदेशाने बहुतेक जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत उघडी ठेवायला परवानगी दिली. ११ जिल्हे मात्र तिसऱ्या स्तरातच राहिले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा होते, आणि पुणेही. शहरातला रेट चार टक्क्यांच्याही खाली असताना शहराला ग्रामीण भागासोबत बांधल्याची व्यापाऱ्यांची तक्रार होती. लक्ष्मी रस्त्यावर घंटानाद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून चारची वेळ झुगारून दुकानं संध्याकाळीही उघडी राहिली. या व्यापाऱ्यांना बेजबाबदार ठरवणं सोपं होतं. पण सलग दोन वर्षं लग्नसराईवर पाणी पडलेल्या कापडदुकानदाराला गाळ्याचं भाडं, कर्जाचे हप्ते, वीजबिल आणि नोकरांचे पगार चुकत नव्हते. संध्याकाळी चार ते आठ हीच त्याची खरी विक्रीची वेळ. शिवाय वेळ कमी केली की तेवढंच गिऱ्हाईक कमी तासांत दाटीने येतं, हा त्यांचा युक्तिवाद आरोग्याच्या कसोटीवरही बिनबुडाचा नव्हता.

८ ऑगस्टला पालकमंत्री अजित पवार यांनी पुण्याचा रेट ३.३ आणि पिंपरी-चिंचवडचा ३.५ टक्के असल्याचं सांगून सवलती जाहीर केल्या, आणि सोबत एक अट घातली : रेट सात टक्क्यांपुढे गेला तर निर्बंध परत येतील. आंदोलनापुढे सरकार झुकलं, असं काहींनी म्हटलं. त्या अटीत मात्र सगळ्या वादात हरवलेली एक गोष्ट होती. परतीची वाट कोणत्या आकड्यावर आहे, हे लोकांना आधीच कळलं.

त्याच आठवड्यात राज्यानेही तीच रीत घेतली. १५ ऑगस्टपासूनच्या सवलती देताना सांगितलं गेलं, की राज्याची ऑक्सिजनची रोजची गरज ७०० मेट्रिक टनांच्या वर गेली की कडक टाळेबंदी लागेल. दुसऱ्या लाटेच्या शिखरावर ही गरज १,७०० टनांच्या पुढे गेली होती आणि राज्याचं स्वतःचं उत्पादन सुमारे १,३०० टन होतं. म्हणजे धोक्याची रेघ उत्पादनाच्या निम्म्याजवळ आखली होती, तयारीला वेळ मिळावा म्हणून. चाचण्यांच्या संख्येवर हलणाऱ्या रेटपेक्षा हा निकष समजायलाही सोपा होता आणि फिरवायलाही अवघड.

पण त्याच १५ ऑगस्टला लोकलचा दरवाजा उघडला तो फक्त लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना. वरकरणी हे न्याय्य वाटतं. मात्र लशीच्या तुटवड्यामुळे राज्याने मे महिन्यात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं होतं, आणि तिशीच्या आतल्यांसाठी ते जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. कोविशील्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचं अंतर. २२ जूनला पहिला डोस मिळालेल्या तरुणाचा दुसरा डोस १४ सप्टेंबरला, आणि लोकलचा पास २८ सप्टेंबरला. दुकानातला सेल्समन, कुरिअर पोचवणारा, हाउसकीपिंगवाली ही सगळी याच वयाची माणसं. लस त्यांनी नाकारली नव्हती, ती त्यांच्यापर्यंत उशिरा पोचली होती, आणि त्या उशिराची किंमत त्यांनीच मोजली.

ही अट उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने तेव्हाचे मुख्य सचिव सीताराम कुंटे यांच्या सहीने निघालेले हे आदेश आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांतली कार्यपद्धती न पाळता काढल्याचं नोंदवलं. सरकारने ते मागे घेतले आणि १ मार्चला नवा आदेश काढला, त्यातही दोन डोसांची अट राहिलीच. सगळे निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी.

जून २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातल्या भांडणांकडे पाहिलं, की ‘जीव की रोजगार’ ही तेव्हाची लाडकी मांडणी अपुरी वाटते. व्यापाऱ्यांना मरणाची भीती नव्हती असं नाही, आणि सरकारला साथीबाबत सल्ला देणाऱ्या टास्क फोर्समधल्या डॉक्टरांना पोटाची आग कळत नव्हती असंही नाही. तक्रार बहुतेक वेळा वेगळीच होती : नियम आधी सांगा, तो सर्वांना सारखा लावा, बदलायचा असेल तर कारण द्या, आणि ज्याचं उत्पन्न बंद करता त्याच्या भाड्याचं काय ते बोला. पहिल्या मागणीला पाच स्तरांनी उत्तर दिलं होतं. शेवटच्या मागणीला, रिक्षाचालकांना दिलेल्या दीड हजार रुपयांसारख्या मोजक्या मदती सोडल्या तर, फारसं उत्तर मिळालंच नाही.

एक दरवाजा या लेखात मुद्दाम बाजूला ठेवला आहे. १० ऑगस्ट २०२१ रोजी शालेय शिक्षण विभागाने १७ ऑगस्टपासून शाळा उघडण्याचा शासन निर्णय काढला. टास्क फोर्सने विरोध केला आणि तो लगोलग स्थगित झाला. बहुतेक शाळांची घंटा वाजायला ४ ऑक्टोबर उजाडला. दुकानदारांकडे संघटना होती, भाविकांकडे पक्ष होते. मुलांच्या वतीने कोण बोललं, आणि दीड वर्षाच्या बंद शाळांनी नेमकं काय हिरावलं, ते पुढच्या लेखात.

(क्रमशः)