सातूची सुरा : पांच पेल्यांची ओळख

अहिल्यानगर जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांतून मुलेंमुली विद्येसाठीं व नोकरीसाठीं पुण्यास जातात. सुटींत घरीं आलीं म्हणजे त्यांच्या बोलण्यांत तेथील लहान मद्यशाळांचा व ताज्या बिअरचा विषय निघतो. वडील मंडळी कानांवर हात ठेवतात, किंवा ऐकलें न ऐकलेंसें करतात. आमच्या मतें दोन्हीं उपाय निरुपयोगी होत. ज्या वस्तूविषयीं मुलांस सल्ला द्यावयाचा, ती काय आहे हें आधीं आपणांस ठाऊक असलें पाहिजे.

बिअरचें मूळ धान्य म्हणजे आपल्या फराळांतील सातू. तो भिजवून त्यास नवरात्राच्या घटांतल्याप्रमाणें मोड आणतात, मोड येतांच वाळवितात व भरडून ऊन पाण्यांत कालवितात. त्यानें पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून, हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें घालून उकळतात, आणि निवल्यावर किण्व मिसळून आंबवितात. कुरडयांसाठीं गहूं भिजत घालणाऱ्या गृहिणीस आंबण्याचा वास सांगावयास नको.

ही विद्या आपणांस सर्वस्वीं परकी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व, हें तेथील ‘मेदक’ नामक मद्याचें प्रमाण. चरकानें तर धान्य, फळें, मुळें, फुलें इत्यादि नऊ योनींपासून होणारे चौऱ्यायशीं आसव सांगितले आहेत. प्राचीनांनीं या वस्तूची माहिती लपविली नाहीं. तिच्यावर अधिकारी नेमला.

पुण्यांत २००९ सालीं ‘डूलॅली’ निघाली. देशांतील अगदीं आरंभींच्या लहान मद्यशाळांपैकीं ती एक होय. हें नांव म्हणजे आपल्या देवळालीचा अपभ्रंश. त्या छावणींत स्वदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून इंग्रजींत त्या शब्दाचा अर्थ ‘वेडा’ असा रूढ झाला! मद्यशाळेस याहून प्रामाणिक नांव मिळणें कठीण.

पुण्याच्या मुक्कामांत आम्हीं निरनिराळ्या ठिकाणचे पांच प्रकार, पेन्शनरास शोभतील इतक्याच घोटांनीं, चाखले. पहिली गव्हाची बिअर : रंगानें गढूळ पिवळी, वासास केळें व लवंग. आंत यांपैकीं कांहींच नसतें. ही करामत किण्वाची. नवख्यास हीच सोसते. दुसरी पेल एल : हॉपच्या फुलांमुळें कडवट. हिचा एक प्रकार एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून जहाजानें इकडे येई, म्हणून त्याच्या नांवांत अद्यापि ‘इंडिया’ आहे. कारल्याची भाजी आवडणारास ही आवडेल. तिसरी स्टाउट : करपेपर्यंत भाजलेल्या सातूची, काळी, कॉफीच्या चवीची, आमची विशेष पसंती हिलाच. चौथी मीठ-कोकमाची, ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ या पुण्याच्या मंडळींनीं काढलेली. उन्हाळ्यांतल्या कोकम सरबताची ती दूरची आप्त. पांचवी ‘मीड’. ही बिअर नव्हे. ही मध आंबवून करतात, व पुण्याची ‘मूनशाइन’ त्यासाठीं प्रसिद्ध आहे. ‘मीड’ व संस्कृत ‘मधु’ हे शब्द एकाच मूळचे. मात्र कौटिल्याचा ‘मधु’ द्राक्षांचा आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तथापि चवीची वाखाणणी करतांना आपला जिल्हा विसरून चालणार नाहीं. पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धीनें दारूच्या भट्ट्या बंद केल्या, तेव्हांच त्या गांवाचें पुनरुज्जीवन सुरू झालें. २०१७ सालीं नगर तालुक्यांतील पांगरमल येथें निवडणुकीच्या जेवणावळींत विषारी दारूनें माणसें दगावलीं. तीं पिणारांस पेल्यांत काय आहे हें ठाऊक नव्हतें. बिअरमध्यें मद्यार्क बहुधा शेंकडा पांचाच्या आसपास असतो. पण पेले वाढले कीं शेंकडा विसरला जातो, आणि व्यसनास सातू काय नि मोह काय, सारखेच.

म्हणून मुलांस तीन गोष्टी शांतपणें सांगाव्या. महाराष्ट्रांत बिअरसाठीं वयाचीं २१ वर्षें पुरीं व्हावीं लागतात व परवाना लागतो. रित्या पोटीं पिऊं नये, आणि चव कळली कीं पेला खालीं ठेवावा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : पिऊन गाडी चालवूं नये. कायद्यानें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा घातली आहे; आईबापांची मर्यादा शून्य असावी. पुणें-नगर रस्ता रात्रीं मालमोटारींनीं भरलेला असतो, आणि शिक्रापूर, शिरूर, सुपें ओलांडून मूल घरीं पोंचेपर्यंत आईचा डोळा लागत नाहीं. ज्या घरांत हा विषय उघडपणें बोलतां येतो, त्या घरचा मुलगा अशा रात्रीं निःसंकोच कळवील : “आज येत नाहीं, सकाळीं निघतों.” तो निरोप कानीं पडावा, एवढ्याचसाठीं ही सारी माहिती.