भागीदारीची गाडी

सिन्नर हें गांव पुष्कळ काळ विड्यांच्या धंद्यासाठीं ओळखलें गेलें. त्या धंद्याची रीत अशी कीं, पानें व तंबाखू घरीं आणावी, ओसरीवर बसून विड्या वळाव्या आणि मोजून परत द्याव्या. काम तेथें माणसाच्या घरीं चालत येतें. कारखान्याची गोष्ट नेमकी उलट आहे. यंत्र जागचें हलत नाहीं. माणसालाच त्याच्याकडे जावें लागतें, आणि तेंहि भोंगा होण्यापूर्वीं.

नाशिकरोडहून पुण्याच्या दिशेनें निघालें म्हणजे चेहेडी, पळसे, शिंदे हीं गांवें मागें पडतात आणि मोहदरीचा घाट चढल्यावर माळेगांवची औद्योगिक वसाहत लागते. (यंत्रमागांचें मालेगांव तें निराळें, नवख्यानें येथील 'ळ'कडे लक्ष द्यावें.) सिन्नर ओलांडून शिर्डीच्या रस्त्याला लागलें कीं मुसळगांवची सहकारी वसाहत येते. नाशिक शहरापासून सिन्नर सुमारें ३० किलोमीटर. एवढ्या अंतरासाठीं बिऱ्हाड हलविणें जिवावर येतें आणि पावसाळ्यांत दुचाकीवर रोज घाट चढणेंहि जिवावर येतें. एस. टी. स्थानकावर सोडते, तेथून कारखान्याच्या फाटकापर्यंतचा प्रश्न उरतोच. अशा वेळीं एकाच पाळीच्या पांचसात जणांनीं मिळून एक व्हॅन ठरविणें, हा मार्ग अनेकांस सोयीचा वाटतो.

त्याचा हिशेब असा पडतो. जाऊन-येऊन ६० किलोमीटर आणि महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे एकूण १,५६० किलोमीटर. लिटरला १५ किलोमीटर जाणारी व्हॅन धरली तर १०४ लिटर पेट्रोल लागतें. तींच सात माणसें सात दुचाकींवरून गेलीं आणि प्रत्येक दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर चालली, तरी २४० लिटरांहून अधिक पेट्रोल जळतें. दुचाकी स्वस्त ही समजूत एकट्या माणसापुरती खरी आहे.

परंतु या हिशेबांत एक खोंच आहे, व बहुतेक भांडणें तींतूनच उगवतात. गाडींत सात माणसें बसोत कीं पांच, पेट्रोल १०४ लिटरच जळणार. सात जणांत प्रत्येकाच्या वांट्यास १५ लिटरांहून किंचित् कमी येतें. पांचांत जवळजवळ २१. म्हणजे गैरहजर राहणारा मनुष्य आपला खर्च वांचवीत नाहीं, तो इतरांच्या माथीं मारतो. येथें वर्गणी प्रवासाची नसून जागेची असते. भिशींत ज्यानें नांव घातलें त्यानें दरमहा रक्कम भरावयाची, त्या महिन्यांत त्याला निकड असो वा नसो. तोच न्याय येथें लागू पडतो. आठ दिवस रजा घेतली म्हणून आठ दिवसांचे पैसे कापून मागणें वरवर रास्त दिसतें, पण गाडी संबंध ठरविलेली असते, हें त्यांत विसरलें जातें. पाळी बदलल्यामुळें कोणास गाडी सोडावी लागली, तर त्यानें बदली माणूस आणून द्यावा किंवा तो महिना भरून द्यावा, असा करार पहिल्याच दिवशीं झालेला बरा.

१९७३ सालीं अमेरिकेंतील सेंट पॉल येथें थ्री-एम या कंपनीनें आपल्या नोकरांसाठीं अशा सामाईक व्हॅनगाड्या सुरू केल्या, तेव्हां तेथेंहि दरमहाची ठराविक रक्कम हीच पद्धति ठेवली होती. गाडी चालविणारा नोकरांपैकींच एक असे व त्याला स्वतःच्या प्रवासाचा पैसा पडत नसे.

वेळेचें गणित पैशांच्या गणिताहून कठोर आहे. सात जणांपैकीं प्रत्येकानें केवळ तीनच मिनिटें उशीर केला, तर जो प्रथम गाडींत बसला त्याला इतर सहांपायीं १८ मिनिटें ताटकळावें लागतें. शेवटीं चढणाऱ्याला याची गंधवार्ताहि नसते. म्हणून गल्लींगल्लींत शिरण्यापेक्षां हमरस्त्यावरील दोन-तीन ठिकाणें नेमावीं हें उत्तम.

आतां कायद्याकडे वळावयाचें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें भाड्याच्या उतारू-गाड्यांत भेद केला आहे. वाटेंत कोणीं हात करावा, गाडीनें थांबावें व ज्याच्या त्याच्याकडून टप्प्याचें भाडें घ्यावें, ही टप्पा वाहतूक. संबंध गाडी ठरवून घ्यावी आणि ठरलेल्या मंडळींखेरीज वाटेंत कोणास घेऊं नये, ही कंत्राटी वाहतूक. चालक सोडून सहापर्यंत उतारू नेणारी मोटार कॅब व बारापर्यंत नेणारी मॅक्सी कॅब या दुसऱ्या वर्गांत येतात, मग उतारूंकडून भाडें निरनिराळें घेतलें तरी चालतें. जागेची वर्गणी देणाऱ्या मंडळीला हीच चौकट जुळते. मात्र त्यासाठीं गाडीला परवाना हवा. म्हणजे ती पिवळ्या पाटीची हवी.

पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन भाड्यानें चालविली तर दंड होतो, हें सर्वांस ठाऊक असतें. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. खासगी गाडीच्या विमापत्रांत भाड्यानें वापर करणें स्पष्टपणें वगळलेलें असतें. घाटांत अपघात झाला तर विमा कंपनी त्याच कलमावर बोट ठेवूं शकते, आणि महिन्याला दोन-तीनशें रुपये वांचविणाऱ्या माणसाच्या कुटुंबास भरपाईसाठीं वर्षानुवर्षें न्यायालयाची पायरी चढावी लागते. गाडी ठरवितांना परवाना व विमापत्र पाहावयास मागणें हा अविश्वास नव्हे.

कामगाराच्या बाजूची एक तरतूदहि आहे. कर्मचारी राज्य विमा कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती होऊन, घर व कामाचें ठिकाण यांमधील जाण्यायेण्यांत झालेला अपघात नोकरीच्या ओघांतील मानला जाऊं लागला. तीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आहे. अट एवढीच कीं, अपघाताची वेळ, जागा व परिस्थिति यांचा नोकरीशीं संबंध दिसला पाहिजे. ठरलेली वाट, ठरलेली वेळ आणि नांवांची यादी असलेल्या गाडींत तो संबंध दाखविणें सोपें जातें.

राहिला चालक. खर्च वांचावा म्हणून मंडळींपैकींच कोणी गाडी चालवितो, तेव्हां दिवसपाळीला अडचण येत नाहीं. रात्रपाळी संपवून पहांटे मोहदरीचा घाट उतरतांना मात्र मागचे सहा जण झोंपलेले असतात आणि पुढचा सातवाहि रात्रभर यंत्रापाशीं उभा राहिलेलाच असतो. त्या पाळीपुरता तरी रात्रीं घरीं झोंपलेला चालक पगार देऊन ठेवावा, आणि त्याचा पगार सात जागांवर सारखा वांटावा.