पायांतील कांटा आणि निसटलेला जोडा

प्रीति हा शब्द ज्या घरांत वडील माणसांसमोर उच्चारला जात नसे, त्याच घराच्या भिंतीवर तिचें चित्र निःशंकपणें टांगलेलें असे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला व तेथील रंगीत चित्रें आमच्या परभणीकडेही आलीं. त्यांतील शकुंतला पाहावी. पायांतील कांटा काढण्याच्या मिषानें ती थबकली आहे. दृष्टि मात्र मागें वळलेली. चित्रांत दुष्यंत नाहीं, पायांत कांटाही नाहीं. आहे ती केवळ ओढ.

असाच संकेत फ्रान्समध्यें शतकापूर्वीं छापला गेला होता. फ्रागोनारच्या ‘झोपाळा’ या चित्रावरून निकोला द लोने यानें १७८२ सालीं ताम्रपट कोरला. झोक्यावरील तरुणीचा जोडा प्रियकराच्या दिशेनें उडाला आहे. मदनाची मूर्ति ओठांवर बोट ठेवून गुपित राखावयास सांगते.

दोन्हीकडे मनाचें बोलणें पायानेंच केलें. तेथें खट्याळपणें, येथें लज्जेनें. ज्यांस बोलण्याची मोकळीक नव्हती त्या आमच्या लेकीसुनांस या कांट्याचा अर्थ कोणीं समजावून दिला नाहीं. तो त्यांना ठाऊकच होता. म्हणून अशा चित्रास केवळ भिंतीची शोभा समजूं नये.