फोनवर सुरेल, मैदानावर बेसूर: शाळेच्या बँडसाठी धून लिहिताना झालेली चूक



मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये निलंग्यातल्या माझ्या जुन्या शाळेतून फोन आला. १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनानंतर बँडने काहीतरी नवीन वाजवावं अशी सरांची इच्छा होती. "तू कॉम्प्युटरवर म्युझिक करतोस ना? मग आपल्या पोरांसाठी दोन मिनिटांची धून लिहून दे," असं ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. पहिल्याच सरावाला मात्र अशी फजिती झाली की विचारू नका. ती चूक तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

धून लिहायची कशात?

मी म्यूझस्कोअर स्टुडिओ वापरतो. ते मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात स्वरलिपी लिहिली की प्रत्येक वाद्याच्या आवाजात धून ऐकू येते. म्यूझस्कोअरचं मोबाईल ॲप मुख्यतः स्कोअर बघायला आणि ऐकायला आहे, लिहायचं काम कॉम्प्युटरवरच करावं लागतं. फक्त फोनच असेल तर फ्लॅट नावाच्या ॲपमध्ये लिहिता येतं.

शाळेकडे दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन, एक युफोनियम, साइड ड्रम, बास ड्रम, झांज आणि एक कॅसिओ होता. मी भूप रागाच्या पाच सुरांत एक चाल बांधली. फोनवर ऐकली तर एकदम झकास! मग पूर्ण स्कोअरचे स्क्रीनशॉट काढले, प्रत्येक वाद्याची ओळ कापली आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिली.

मग मैदानावर काय झालं?

पहिला सूर लागला आणि सगळ्यांनी कान झाकले. कॅसिओ एका सुरात, ट्रम्पेट दुसऱ्या, सॅक्सोफोन तिसऱ्याच. क्लॅरिनेटवाली आठवीतली मुलगी दोनदा थांबली. तिसऱ्यांदा तिने वाद्य खालीच ठेवलं. "दादा, मला जमत नाहीये. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्या," म्हणाली. मीही तिला म्हटलं, "घरी नीट सराव कर, फोनवर बघ किती बरोबर वाजतंय."

लष्करी बँडमधून निवृत्त झालेले बँडमास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी तिचा कागद हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पोरगी बरोबर वाजवतेय. कागद चुकलाय."

कागद कसा चुकला?

हार्मोनियमवर 'पांढरी एक', 'काळी चार' हे तुम्ही ऐकलं असेल. गाणारा आपला सा हव्या त्या पट्टीवर धरतो. बँडमधल्या बऱ्याच वाद्यांचंही तसंच असतं, फक्त त्यांची पट्टी वाद्य बनवतानाच ठरलेली असते. कागदावर सी हा स्वर लिहिला, तर:

- कॅसिओवर पांढरी एक वाजते.
- बी फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर काळी पाच वाजते, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली.
- ई फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनवर खालच्या सप्तकातली काळी दोन वाजते.

एकाच खुणेवर तीन वेगळे सूर! म्हणून सगळ्यांनी मिळून पांढरी एक वाजवायची असेल, तर ट्रम्पेटच्या कागदावर डी लिहावा लागतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए. आपल्या भाषेत, कॅसिओ जिथे सा वाचतो तिथे ट्रम्पेट रे वाचतो आणि सॅक्सोफोन ध, पण ऐकू येतो तो एकच सा.

हे गणित म्यूझस्कोअर आपोआप करतं. खालच्या पट्टीत 'कॉन्सर्ट पिच' नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर स्कोअरवर प्रत्यक्ष ऐकू येणारे सूर दिसतात, बंद असेल तर वाजवणाऱ्याने वाचायचे सूर दिसतात. माझं बटण चालू होतं आणि मी त्याच अवस्थेत स्क्रीनशॉट काढले.

मग फोनवर बरोबर कसं वाजत होतं?

खरी गंमत इथेच आहे. फोन कागद वाचत नाही, तो आकडे वाचतो. १९८३ पासून वापरात असलेल्या मिडी या पद्धतीत प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक क्रमांक असतो. मधला सी म्हणजे ६०. बटण चालू असो वा बंद, सॉफ्टवेअर आतून ६० हाच क्रमांक पाठवतं, म्हणून आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो. स्क्रीनवर काय छापलंय ते कानाला कळतच नाही. मी तासभर ऐकून खात्री केली होती, पण जी गोष्ट तपासायला हवी होती ती ऐकून कळणारी नव्हतीच.

फोनला दम लागत नाही

बँडमास्तरांनी दुसरी चूकही दाखवली. संचलनाचा वेग मिनिटाला १२० पावलं. दोन मात्रांचा एक बार धरला तर मिनिटात ६० बार होतात. मी ट्रम्पेटला सलग १६ बार दिले होते, म्हणजे १६ सेकंद श्वासच नाही! आम्ही दर चार बारनंतर श्वासाची खूण टाकली आणि लांब ओळी दोन ट्रम्पेटमध्ये वाटून दिल्या.

सूर खूप वर गेले की म्यूझस्कोअर त्यांचा रंग बदलतं. पिवळसर म्हणजे नवशिक्याला अवघड, लाल म्हणजे वाद्याच्या पल्ल्याबाहेर. मी ते पिवळे सूर बघूनही सोडून दिले होते. अमेरिकेत शाळा मिळून वर्गणी काढतात आणि संगीतकाराकडून आपल्या बँडसाठी नवी रचना लिहून घेतात. तिथे रचनांना साधारण १ ते ६ अशी काठिण्यपातळी देतात. समोरची मुलं कोणत्या पातळीवर आहेत, हे आधी विचारायचं, धून नंतर लिहायची. मी नेमकं उलटं केलं होतं.

हा प्रश्न जुनाच आहे

'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावं म्हणून मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी खूप धडपड केली. ते बँडवर वाजवता येणार नाही, असा आक्षेप होता. त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली, बँडसाठी तिचं पाश्चात्त्य पद्धतीने स्वरलेखन करून घेतलं आणि ती वाजवून दाखवली. पुढे २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलं आणि 'वंदे मातरम्'ला तेवढाच मान देण्यात आला. पण गळ्यातली चाल बँडच्या कागदावर उतरवणं हे वेगळं काम आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आणि त्यांच्या हाताशी सॉफ्टवेअर नव्हतं.

तुम्ही काय तपासाल?

१. आधी वाद्यांची यादी घ्या. नुसतं 'सॅक्सोफोन' नको, आल्टो की टेनर हेही विचारा. टेनर बी फ्लॅटचा असतो.
२. कागद पाठवण्याआधी 'कॉन्सर्ट पिच' बंद करा.
३. स्क्रीनशॉट कापू नका. प्रत्येक वाद्याचा 'पार्ट' वेगळा पीडीएफ करून पाठवा.
४. सरावासाठी कमी वेगाची एमपी३ द्या. आम्ही ८० पासून सुरुवात केली.
५. पहिला सूर सगळ्यांकडून एकत्र वाजवून घ्या. तो जुळला नाही तर आधी कागद बघा, मुलांना नंतर बोला.

दुसऱ्या दिवशी नवे कागद घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला सांगितलं, "चूक माझी होती." ती काही बोलली नाही, फक्त वाद्य उचललं. यावेळी पहिला सूर जुळला. सराव संपल्यावर सगळ्यांनी मिळून निलंगा राईस खाल्ला, पैसे अर्थातच माझ्याकडून.

१७ तारखेला ती पहिल्या रांगेत होती. मधे एक सूर चुकला, पण तो युफोनियमचा होता आणि कागद बरोबर होता!